घड्याळवाला आणि खांद्यावरचे गुरुजी

तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो, त्यानंतर काही वर्षांनी तिथल्या थिएटरात एक विनोदी मराठी बोलपट आला. गावभर त्याचीच चर्चा होती. वडील तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते, म्हणून त्यांना घेऊन गेलो. त्यातला विनोदी नट घरमालकाशी बोलत होता, नोकराशी बोलत होता, दोन बायकांशी दोन तऱ्हांनी बोलत होता, आणि लोक हसून बेजार होत होते. वडील मात्र कीर्तनाला बसावे तसे मांडीवर हात ठेवून बसले होते. मध्यंतर जवळ आले तेव्हा ते माझ्या कानाशी लागले.

"ह्यो पडनार कवा?"

"पडणार नाही, बाबा. तो बोलून हसवतो."

"अख्खा शिनेमा?"

"हो."

"मंग रेडिवोवर लावायचा ना. पडदा कशापायी अडवलाय?"

पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून म्हणाला, "काका, जरा गप बसा. ऐकू येत नाही." वडील गप बसले. सिनेमात गप बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी जो सिनेमा आयुष्यभर पाहिला, त्यात पडद्यावरचे लोक गप असायचे आणि समोर बसलेले बोलायचे.

आमचे गाव अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. धक्का नव्हता. मुंबईहून येणारी बोट खोल पाण्यात थांबायची, पडाव, म्हणजे मोठी होडी, उतारूंना घेऊन किनाऱ्याकडे यायचा, आणि पडावाचाही तळ लागला की तिथून पुढे माणसांच्या खांद्यावरून यावे लागे. वडील हे उतारू उतरवायचे काम करीत. पाणी ओहोटीला गुडघ्याइतके, भरतीला छातीइतके. उतारू खांद्यावर, त्याचे घोटे वडिलांच्या मुठीत, आणि पाऊल वाळूत तळ चाचपत पुढे. बायकांना दोघे मिळून हातांची खुर्ची करून आणीत. याच कामावर आम्ही भावंडे वाढलो आणि याच कामावर मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढे गेले नव्हते.

या कामाचे रीतिरिवाज होते. वाटेत उतारूशी बोलायचे नाही आणि त्याला बोलू द्यायचे नाही. पडायचीच वेळ आली तर आपण खाली, उतारू वर. आणि उतारू भिजलाच, तर त्याच्याकडून भाडे घ्यायचे नाही. त्याला आपल्या घरी न्यायचे, कोरडे धोतर नेसायला द्यायचे आणि चहा पाजायचा. त्यासाठी आमच्या घरी दांडीवर एक धुतलेले धोतर कायम असे. त्याची घडी फार क्वचित मोडली.

थंडीत ग्रामदेवीची जत्रा भरे, आणि जत्रेला एक सिनेमावाला येई. त्याचे यंत्र, रिळांच्या पेट्या आणि इंजिन वडील आणि त्यांचे साथीदार डोक्यावरून किनाऱ्याला आणीत. वडिलांनी त्याच्या पेटीवर कधी थेंब पडू दिला नाही, म्हणून आमच्या घराला तंबूत पुढची जागा फुकट होती. जागा म्हणजे वाळूच. शहरात बोलपट येऊन जमाना झाला होता, पण आवाजाचे यंत्र या माणसाला परवडत नव्हते. त्यामुळे देश स्वतंत्र झाला, मी मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, तरी आमच्या जत्रेत जुने मूकपटच चालू राहिले. त्यातला एक दर वर्षी यायचाच. त्याला आम्ही 'घड्याळवाला' म्हणत असू.

गोष्ट एवढीच, की एका लांब मानेच्या, आखूड कोटातल्या हमालाला माणसाएवढे उंच लंबकाचे घड्याळ पाठीवर घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचे असते. वाटेत कुत्रे पायात येते, बर्फावरून पाय सरकतो, एक बँड नेमका समोरून येतो, जिन्याची एक पायरीच नसते. तो वाकतो, गिरक्या घेतो, एका पायावर नाचतो, पण घड्याळ काही जमिनीला लागत नाही. शेवटी घर येते. तो घड्याळ भिंतीला अलगद टेकवतो, घाम पुसायला एक पाऊल मागे घेतो आणि तळघराच्या उघड्या दारातून धाडकन खाली जातो. घड्याळात बाराचे ठोके पडत असावेत, कारण लंबक हलताना दिसे. ऐकू काही यायचे नाही.

मूकपट म्हणतात खरे, पण आमच्या तंबूत मुके फक्त पडद्यावरचे होते. उतारू उतरवणारी मंडळी पुढेच बसलेली असत, आणि ती त्या हमालाला आपल्यातलाच एक समजत.

"डावा टाक, डावा!"

"अरं थांब, फुडं तल न्हाय!"

"पाठीला बांधायला दोर न्हाय गावला काय रं ह्याला?"

इतर ठिकाणी त्या पडण्याला लोक हसत असतील. आमच्याकडे त्या वाचण्याला हसत. तो तोल सावरून पुन्हा सरळ झाला की तंबूत हशा फुटायचा, टाळ्या पडायच्या. शेवटी तळघरात पडला की मात्र "अरारा" व्हायचे आणि मगच हसू यायचे. वडिलांचे मत दर वर्षी एकच असे.

"घड्याल गप बसलं म्हणून त्यानं आणलं. वर मानूस असता तर पयल्या गल्लीतच पडला असता."

मी बी.ए. झालो त्या वर्षी घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. शिकलेल्या घरांना मी चालत होतो, पण वडिलांचे काम ऐकले की त्यांचा निरोप येत नसे. न शिकलेल्या घरांना वडील चालत होते, पण "पोराला होडी हाकलता येत न्हाय, जाळं विणता येत न्हाय, मग खानार काय?" असे ते विचारत. तीन ठिकाणी असेच झाले. त्याचे मला फार वाईट वाटले नव्हते. चौथे स्थळ मात्र वेगळे होते, कारण ती मुलगी मी पाहिली होती.

उरणकडे एका नात्यातल्या लग्नात पंगत बसली असताना वाढप्याचा पाय घसरला आणि तो आमटीच्या बादलीसकट पंगतीत आडवा झाला. सगळे हसले. ती बायकांच्या पंगतीला वाढत होती, तीही हसली, अगदी खळखळून. पण हसता हसताच तिने हातातले ताट खाली ठेवले, पाण्याची घागर उचलली आणि त्याच्या भाजलेल्या हातावर ओतली. हसू अजून तोंडावर होते आणि घागर हातात होती. चौकशी केली तेव्हा कळले, की ती तिकडच्या एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची मुलगी. आमच्याच जातीतले, पण शिकलेले, टापटिपीचे घर. मी आईला सांगितले, आईने मामाला सांगितले, आणि मामाने बोलणे लावले.

मामाने तिकडे सांगितले होते, "मुलाचे वडील बंदरात कामाला असतात." खोटे यात काही नव्हते. पण गुरुजी जत्रेच्या दिवशी बोटीने येणार असे कळले, तसा मामा घाबरला. त्याने ठरवले, की वडिलांनी त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही. नवे पांढरे धोतर नेसून, कोट घालून ओटीवर बसायचे. गुरुजींना दुसरा कुणी उतरवील.

"मी काय नवरी हाय काय, घरात सजवून बसवायला?" वडील म्हणाले.

"भावोजी, एक दिवसाचा प्रश्न आहे. पोराचं होऊ दे."

पोराचे होऊ दे म्हटल्यावर वडिलांनी कोट घातला.

पण बोट आली तेव्हा ते ओटीवर राहिले नाहीत. नुसते बघतो म्हणून किनाऱ्यावर आले. जत्रेची गर्दी होती. ओहोटी लागल्यामुळे पडाव नेहमीपेक्षा लांब अडकला होता, उतारू भरपूर आणि उतरवणारे कमी. एकेक करून सगळे उतरले आणि पडावात एकटे गुरुजी राहिले. अंगाने भरलेले, काळा कोट, काळी टोपी, पायात बूट, हातात छत्री. दमलेली मंडळी त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखे करीत होती. कुणीतरी ओरडले, "गुरुजी, मारा उडी! पानी गोडं हाय!" किनाऱ्यावर हशा झाला. पडाव एका अंगाला कलू लागला होता.

वडिलांनी कोट काढून माझ्या हातात दिला.

"भावोजी, आज नको!" मामा ओरडला.

"मानूस अडकलाय," वडील म्हणाले आणि नव्या धोतरानिशी पाण्यात शिरले.

गुरुजींचा आवाज वाऱ्याबरोबर किनाऱ्यापर्यंत येत होता. "सांभाळून रे बाबा. कोट नवा आहे."

"बोलू नका, गुरुजी. छत्री मिटा."

"अरे, मला उन्हाचा त्रास होतो."

दुपारचा वारा पडला नव्हता. अर्ध्या वाटेत वाऱ्याने छत्री धरली. गुरुजींनी ती सोडली नाही. सोडली असती तर काहीच झाले नसते. छत्री एकीकडे, गुरुजी तिच्यामागे आणि वडील गुरुजींच्या खाली, अशी सगळ्यांची गिरकी सुरू झाली. एक फेरी झाली, दुसरी झाली. वडील एका पायावर, दुसरा पाय पाण्याबाहेर, मुठीत गुरुजींचे घोटे. छत्री उलटी होऊन तिचे फूल झाले. गुरुजींनी एका हाताने वडिलांचा कान धरला होता. किनाऱ्यावर कुणी हसत नव्हते. ती मंडळी पुढे सरसावून ओरडत होती, "डावा टाक, डावा!" अखेर छत्री सुटून उडाली आणि वडील पुन्हा सरळ झाले. तेव्हा हशा फुटला, टाळ्या पडल्या.

मला हसू आले नाही. मामाने डोळे मिटून घेतले होते.

घोटाभर पाण्यात वडील वाकले. गुरुजी मोठ्या रुबाबाने खाली उतरले. त्यांच्या अंगावर थेंबही नव्हता. त्यांनी कोट नीट केला, टोपी सरळ केली, आभार मानायला म्हणून वळले, आणि पडावाच्या दोरात पाय अडकून मटकन चिखलात बसले. वडिलांनी हात पुढे केला. गुरुजींनी तो धरून ओढला, आणि पांढऱ्या धोतरासकट वडीलही त्यांच्या शेजारी येऊन बसले.

किनारा नुसता खदखदत होता. गुरुजी चिखलात बसल्या बसल्या वडिलांना म्हणाले, "मी पडलो ते पडलो. तुझं काय काम होतं पडायचं?"

"तुमी एकटंच पडलात, बरं दिसंना," वडील म्हणाले.

गुरुजी आधी नाकाने हसले, मग त्यांचे पोट हलू लागले. खिशात हात घातला तर वडिलांनी तो धरला. "भिजलेल्याकडनं भाडं घेत न्हाय आमी. घरी चला. कोरडं धोतर देतो, चहा घ्या."

"नको रे, मला एका ठिकाणी जायचंय. इथला एक मुलगा बी.ए. झालाय, त्याच्याकडे."

"त्येच घर," वडील म्हणाले. "पोरगा माझाच हाय."

गुरुजींचे हसणे बंद झाले. त्यांनी वडिलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या कोटाकडे पाहिले. मग उठले आणि वडिलांच्या मागून ओल्या बुटांचा आवाज करीत चालू लागले. त्या वाटेएवढी लांब वाट मी पुढे कधी चाललो नाही.

घरी आईने दांडीवरचे धोतर दिले. वडील उंच, गुरुजी बुटके. धोतर पायात घोळत होते. चहा झाला. गुरुजींनी वडिलांना विचारले, "आजवर किती माणसं पाडलीत?" 'तू' चे 'तुम्ही' झाले होते, पण ते आदराने की परकेपणाने, हे काही समजेना.

"मोजली न्हाईत. पन पडली त्यांनी ह्याच धोतरात चहा घेतला."

मग ते माझ्याकडे वळले. मी शेक्सपिअर, अर्थशास्त्र, सगळ्याची उजळणी केली होती. त्यांनी विचारले, "मघाशी सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. का?"

"भीती वाटत होती."

"आम्ही बुडू याची?"

"तुम्ही परत जाल याची."

"हं," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला. त्यापुढे त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

दिवे लागल्यावर वडील त्यांना तंबूत घेऊन गेले. पाहुण्याला एकटे सोडायचे नाही म्हणून मीही गेलो. घड्याळवाला सुरू झाला. बँड समोरून आला, हमालाने गिरकी घेतली, आणि पुढच्या रांगेतून शाळामास्तरी आवाज आला, "छत्री नाही त्याच्याकडे, म्हणून वाचला!" अख्खा तंबू हसला. वडील हसता हसता खोकू लागले. गुरुजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. माझा जीव मात्र टांगणीलाच होता. हसणारा माणूस मुलगी देतोच असे नाही. मामाने बाहेर आल्यावर हळूच विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सकाळी बघू."

या सगळ्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. हल्लीच्या बोलपटांनी मला हिंदी शिकवली, वर्गातल्या मुलांना एखादा विनोद सांगायची हिंमत दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण त्यांत बरेचदा कुणीतरी दुसऱ्याला हसत असते: खेडवळ बोलण्याला, जाड बाईला, 'हाय-न्हाय' म्हणणाऱ्या नोकराला. त्या थिएटरात लोक 'न्हाय'ला हसले तेव्हा वडील माझ्या शेजारी बसले होते. जुन्या चित्रात जो पडतो तोच गोष्टीचा धनी असतो. तो उठतो, कोट झटकतो, पुढे चालू लागतो. त्याला हसताना आपण त्याच्या वरचे होत नाही. आणि ते कळायला कुठली भाषा यावी लागत नाही, की चौथीच्या पुढे जावे लागत नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांना, शिकलेल्या मला आणि न शिकलेल्या आईवडिलांना, एकाच वेळी एकाच गोष्टीचे हसू येण्याचे ते एकच ठिकाण होते. त्या सिनेमावाल्याने आवाजाचे यंत्र घेतले नाही, हे आमच्यावर उपकार झाले.

सकाळी भरतीचे पाणी चढले होते. पडाव उभा होता. वडील रोजच्या लंगोटावर, गुरुजींसमोर वाळूत वाकून बसले.

"बसा, गुरुजी."

गुरुजी जागचे हलले नाहीत. "नाही बसत."

"कालच्यासारखं न्हाय व्हनार. आज छत्री कुठं हाय?"

"मी तुमच्या खांद्यावर बसणार नाही."

मामाचा चेहरा उतरला. गुरुजींनी खाली बसून बूट काढले आणि माझ्या हातात दिले. धोतराचा काचा वर खोचला.

"मुलीच्या बापाने मुलाच्या बापाच्या खांद्यावर बसायचं?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील? आमच्याकडे रीत नाही तशी."

कुणाला काही कळायच्या आत आईने पदर तोंडाला लावला. तिला सगळ्यांत आधी कळले होते. वडील तसेच वाकलेले होते. मग हळूहळू उठले.

"पानी कमरेच्या वर हाय, व्याही."

"असू द्या. हात द्या."

दोघे हातात हात धरून पाण्यात शिरले. गुरुजींना तळ सापडत नव्हता, ते दर पावलाला इकडे तिकडे होत होते, आणि वडील त्यांना सांगत होते, "डावा टाका, डावा." कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले. एकदा लाट आली तेव्हा फक्त टोपी दिसली. पडावावरच्यांनी त्यांना वर ओढले. तिथून त्यांनी नमस्कार केला, मामाने केला, मीही करायला गेलो, आणि पाहतो तो त्यांचे बूट माझ्याच हातात.

"अरं, बूट!" किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडले.

मी इस्त्रीच्या पाटलोणीनिशी धावत सुटलो. बूट डोक्यावर धरले होते, पाणी गळ्यापर्यंत आले होते, आणि मागे सगळा किनारा मला हसत होता. मीही हसत होतो, खारे पाणी तोंडात जात होते, तरी हसत होतो.